पाखाडी, सायकल आणि ऑक्सिजनचा आकडा : माझा अनुभव

न्यूमोनियातून उठल्यानंतर बसल्या जागी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर माझ्या रक्तातला ऑक्सिजन ९६ टक्के दाखवत असे. तरीही रस्त्यापासून घरापर्यंतची जांभ्या दगडाची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची चढणवाट, चढून आले, की ओटीवर टेकून दम खाल्ल्याशिवाय मला बोलता येत नसे. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सहा मिनिटांची चालण्याची चाचणी करायला सांगितली. ३० मीटरच्या सपाट पट्ट्यावर झेपेल तितक्या वेगाने ये-जा करायची, धाप लागल्यास उभे राहायचे. घड्याळ मात्र चालूच राहते. चाचणीअखेर माझा आकडा ८९ होता.

निरोगी माणसाचा ऑक्सिजन नेहमीच्या व्यायामाने फारसा हलत नाही. श्रम वाढले की रक्त फुप्फुसांतून अधिक वेगाने जाते आणि ऑक्सिजन उचलायला त्याला कमी अवधी मिळतो. धडधाकट फुप्फुसांना तो पुरतो, आजारातून सावरणाऱ्यांना पुरत नाही. म्हणून नुसत्या बसून घेतलेल्या आकड्यावर मी भिस्त ठेवत नाही.

पुढे फिजिओथेरपी सुरू झाली, तेव्हा व्यायामाव्यायामातला फरक बोटावर दिसू लागला. जागच्या सायकलवर मांड्या भरून येत, पण आकडा ९३ च्या खाली क्वचितच जाई. तितक्याच दमछाकीच्या चालण्यात तो अधिक उतरे. फुप्फुसांच्या जुनाट आजारांतही असेच आढळते, असे फिजिओथेरपिस्ट मॅडमनी सांगितले. हलकी वजने उचलताना मध्ये विसावा असल्याने घसरण नगण्य होती. अट एवढीच, की श्वास कोंडायचा नाही, वजन वर नेताना सोडायचा. किनाऱ्यावर ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूत चालणे मला जमले, कोरड्या भुसभुशीत वाळूत मात्र पाय रुततात आणि श्रम बरेच वाढतात.

ऑक्सिमीटरचेही तंत्र आहे. हात हलता असेल, बोटे गार असतील किंवा नखांना रंग असेल, तर तो भलतेच दाखवू शकतो. शिवाय बोटावरचा आकडा थोडा मागून येतो, त्यामुळे थांबल्यावर ऑक्सिमीटर लगेच काढून न ठेवता अर्धा मिनिट पाहावे. सर्वांत खालचा आकडा बहुधा तेव्हाच दिसतो.

‘काकू, ओठ आवळून हळू फुंकर घालत चढा, आणि दम लागण्याआधीच थांबा,’ असे मॅडम बजावत. त्या रीतीने, टप्प्याटप्प्याने थांबत चढल्यास पाखाडीच्या माथ्यावर आता ९२ मिळतात. ८८ च्या खाली गेल्यास व्यायाम थांबवून कळवायचे, ही डॉक्टरांची मला दिलेली सूचना कायम आहे, आणि बाजाराच्या पिशव्या अजून मुलगाच वर आणतो.