तुम्ही विचारलंत म्हणून: भुरकट कागदानं जंगल कुठलं वाचतं?

शाळांच्या वह्या छापायला घेताना मी आधी रिसायकल्ड कागदाचा नमुना पुढे ठेवतो. त्यावर हमखास विचारलं जातं, "कागद तर आता शेतातल्या निलगिरी-सुबाभळीचा असतो. मग या भुरकट कागदानं जंगल कुठलं वाचणार?"

प्रश्न रास्त आहे. 1988 च्या राष्ट्रीय वन धोरणानं कारखान्यांना सवलतीत जंगलाचा माल देण्याला नकार दिला आणि गिरण्या शेतकऱ्यांकडे वळल्या. पण ही वेळ का आली, ते विसरून चालणार नाही.

कर्नाटकातल्या दांडेलीच्या कागद गिरणीला उत्तर कन्नडच्या जंगलातला बांबू टनाला 1.50 रुपये दरानं मिळायचा. इतक्या स्वस्त मालाची कदर कोण करणार? सत्तरच्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ त्या बांबूचा अभ्यास करायला गेले. तोडणी सोपी व्हावी म्हणून बांबूच्या बेटाच्या, म्हणजे एकत्र वाढलेल्या झुबक्याच्या, बुडाशी असलेलं काट्यांचं जाळं साफ केलं जायचं. त्यानं बेट मोकळं होऊन जोमानं वाढतं, असं वनखात्याचं मत. गावकरी उलट सांगत होते: त्या काट्यांमुळेच कोवळे कोंब गुरांच्या तोंडातून वाचतात. प्रत्यक्ष तपासल्यावर गावकऱ्यांचंच खरं निघालं. काटे गेले, कोंब खाल्ले गेले, बेटं विरळ झाली. गिरणी मात्र थांबली नाही, ती लांबून बांबू आणू लागली. हे वाचल्यापासून कोरा पांढराशुभ्र ताव हातात घेताना मला ती बेटं आठवतात.

शेतातल्या झाडांचा कागद त्याहून नक्कीच बरा, शेतकऱ्यालाही चार पैसे मिळतात. पण निलगिरीचा मळा म्हणजे जंगल नव्हे. शिवाय सगळा लगदा इथलाच नसतो, बाहेरूनही येतो. इंडोनेशियात सुमात्रा बेटावर लगद्यासाठीच नैसर्गिक जंगलं तोडून अकेशियाची झाडं लावली गेली. वापरलेला कागद पुन्हा कामी आला, तर तेवढा नवा लगदा कमी लागतो. माझं उत्तर एवढंच आहे. दर फेरीला तंतू आखूड होत जातो, त्यामुळे थोडा नवा लगदा लागणारच.

आणि कृपा करून रद्दी कोरडी ठेवा. आपल्या गिरण्या परदेशातून रद्दी विकत आणतात आणि आपल्या घरातली रद्दी ओल्या कचऱ्यात भिजते. आमटी सांडलेला पुठ्ठा कचरावेचक ताईंनी उचलला, तरी त्याचे त्यांना पैसे मिळत नाहीत. मला हे फार लागतं.

शाई फुटेल का, हा तुमचा पुढचा प्रश्न. मुलं वापरतात तेच पेन घेऊन या आणि नमुन्यावर चार ओळी लिहून बघा. मध्येच एखादा काळा ठिपका दिसेल, तो कागदातलाच, शाई फुटल्याचा नव्हे. बॉलपेनला काहीच अडचण नाही. शाईचं पेन असेल, तर थोडा जाड कागद घेऊ.