गारगोटीने फाडलेला खांदा

जानेवारीतल्या एका शनिवारी इंग्लंडमधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये एक ग्रॅव्हल सायकल (खडीच्या, कच्च्या रस्त्यांवर चालवायची) आली. मागचं चाक दोन आठवड्यांत तिसऱ्यांदा बसलं होतं, पुढचं मात्र ठणठणीत. मालकांचं म्हणणं एकच: ट्यूबलेस (आत ट्यूब नाही, भोकं बुजवणारं पातळ सीलंट असतं) बिनकामाचं, ट्यूब घालून द्या.

टायर 700×38, म्हणजे 38 मिमी रुंद, शर्यतीचा, हलका. बाजू इतकी पातळ की चिमटीत धरली तर कापडासारखी लागे. रिमची आतली रुंदी 23 मिमी. चाक 40 पीएसआय दाबाला भरलं आणि पंक्चरवाल्याच्या घमेल्याचीच पद्धत वापरली. फरक एवढाच, की फक्त टायर बुडवायचा, रिम नाही. स्पोकच्या भोकांतून पाणी आत शिरलं की ते निघता निघत नाही. म्हणून व्हॉल्व्ह आणि स्पोकच्या मुळाशी साबणाचं पाणी लावलं. तिथे बुडबुडे आले असते तर रिमच्या आतून स्पोकची भोकं झाकणारी टेप दोषी. आले नाहीत.

टायरच्या तळव्यात नऊ काटे मोडून बसले होते. इथे सप्टेंबरपासून कुंपणांची छाटणी सुरू होते आणि हॉथॉर्न या काटेरी झुडपाचे काटे गल्लीभर पसरतात. नऊच्या नऊ भोकं सीलंटने बुजवलेली होती. बुडबुडे येत होते ते दुसरीकडूनच: तळवा संपून बाजू सुरू होते त्या खांद्यावर. तिथे 5 मिमीची सरळ चीर, ब्लेडने मारल्यासारखी, आणि आत तुटलेले पांढरे धागे.

हे काम गारगोटीचं. इथल्या चिल्टर्न टेकड्यांची चुनखडी झिजते, आतली गारगोटी उरते, आणि ती फुटली की काचेसारखी धार येते. ओलं रबर कोरड्यापेक्षा सहज कापलं जातं. त्यात चिखल कपच्यांना टायरला चिकटवून ठेवतो आणि प्रत्येक फेऱ्याला त्या आणखी आत रेटल्या जातात. बऱ्याच टायरमध्ये पंक्चररोधक पट्टा फक्त तळव्याखाली असतो. तो जिथे संपतो तिथेच ही चीर होती. मालक 80 किलोचे, चिखलासाठी मागे 25 पीएसआय ठेवलेला. एवढ्या कमी हवेत खांदा सर्वात जास्त वाकतो, त्यामुळे सीलंटने चीर बुजवली तरी ती पुन्हा उघडत होती.

टायर उघडल्यावर उरलेली गोष्ट कळली. सप्टेंबरमध्ये भरलेल्या 40 मिलिपैकी जेमतेम चमचाभर पातळ उरलं होतं. बाकीची रबरी साय झाली होती. थंडीत सीलंट हळू सुकतं (पुण्याच्या एप्रिलमध्ये याहून खूप लवकर आटेल), पण प्रत्येक काट्यामागे थोडं खर्चही होतं.

भोकात बाहेरून खुपसायची प्लगची पट्टी तळव्यात टिकते, खांद्यावर नाही. आतून पॅच लावता येतो, पण धागे तुटलेले असले की तिथे फुगा येतो. टायर बाद केला. मालकांना तसलाच नवा हवा होता. तो देण्यात अर्थ नव्हता.

दिला तो 40 मिमीचा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत संरक्षक थर असलेला, 60 टीपीआयचा (टीपीआय म्हणजे कापडात दर इंचाला किती धागे). टीपीआयच्या आकड्याने फसू नये: काही कंपन्या थरांची बेरीज छापतात, त्यामुळे 180 म्हणजे 60 चे तीन थर असू शकतात. दुकानात टायर हातात घ्या, बाजू आणि खांदा दाबून पाहा. त्यातून आकड्यापेक्षा जास्त कळतं. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास वाढलं. हिवाळ्यात ते द्यावंच. तळव्यावरच्या रबरी गुठळ्या मध्ये जवळजवळ, कडेला सुट्या. चुनखडीचा चिखल पुट्टीसारखा चिकटतो आणि दाट नक्षी लगेच भरून जाते. फ्रेम आणि टायरमध्ये दोन्ही बाजूंना 6 मिमी तरी जागा हवी. एक दिवस फुगवून ठेवल्यावर हा टायर 41 भरला, म्हणजे मोजमाप दुसऱ्या दिवशी करायचं.

याच चाकांवर सायक्लोक्रॉस (चिखल-गवतातली सायकल शर्यत) करता येईल का, असं त्यांनी विचारलं. यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या शर्यतीत टायरची मर्यादा 33 मिमी. स्थानिक शर्यतींचे नियम आधी विचारून घ्यावेत. शिवाय 33 चा टायर कमी हवेत तिरक्या उतारावर कड सोडून हवा ओकतो, म्हणून तिथे रिमवर घट्ट बसणारा टायरच लागतो. वेगळी चाकं ठेवा, असं सांगितलं.

बसवताना जुनी साय पुसून काढली आणि टेपची कड तपासली. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा 2 मिमी तरी रुंद हवी. इथे 25 होती, ती राहू दिली. व्हॉल्व्हचा कोर (आतली सुटी होणारी झडप) काढून काँप्रेसरने हवा मारली, दोन्ही कडा टकटक करत बसल्या. मग कोरच्या वाटेने 70 मिलि सीलंट, चाक हलवून दोन्ही बाजूंवर पाच-पाच मिनिटं आडवं. हवा मागे 34, पुढे 31. झटपट हवा भरायची सीओटूची (कार्बन डायऑक्साइडची) नळकांडी फक्त अडचणीत वापरा म्हटलं, कारण काही लॅटेक्स सीलंट तिने गोळे धरतं.

पुढचा टायर बदलला नाही. खांदा शाबूत होता, वजनही पुढे कमी पडतं. त्यात 40 मिलि भरलं आणि व्हॉल्व्हवर मार्करने तारीख टाकली: सहा आठवड्यांनी उघडून पाहायचं.