मिरज: पाणी, वजरी, तेल आणि बिनखिळ्याची चप्पल

मिरज स्टेशनबाहेरचे रिक्षावाले ‘कुठं जायचं?’ असं विचारत नाहीत. ‘कुठला दवाखाना?’ असं विचारतात. गावाची ओळखच ती. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्याने इथे इस्पितळ सुरू केलं आणि लांबलांबून माणसं यायला लागली. १९६२ साली सरकारी मेडिकल कॉलेज आलं, भोवती खासगी दवाखाने उगवले. सांगली रस्त्यावरच्या वानलेसवाडीला नाव मिळालं तेही याच डॉक्टरांचं.

सतारमेकरांची दुकानं, मीरासाहेबांचा दर्गा, सांगलीचा गणपती, हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम हे सगळं पाहून झालं. छानच आहे, पण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते चपलेबद्दल.

एका ख्रिस्ती धर्मादाय संस्थेचं कुष्ठरोगाचं काम या भागात चालतं. नाव देत नाही. त्यांना पाहुण्यांचा जाच पुरेसा आहे. त्यांच्या आवारात चपला करायची एक खोली आहे. रबराच्या तक्त्या, सोल्युशनचा वास, शिवणयंत्र आणि भिंतीला टांगलेले कागदी पायांचे आकार. त्यात पाच बोटांचा आकार शोधावा लागतो.

कुष्ठरोगाने बोटं गळून पडतात ही समजूत अजून शिकल्यासवरल्या घरांतही आहे. जंतू बोटं खात नाही. तो नसांत शिरतो, तळवा बधिर होतो. मग खडा टोचला, चप्पल चावली, चटका बसला तरी पायाला पत्ताच नाही. माणूस त्याच जखमेवर चालत राहतो, जखम हाडापर्यंत जाते, हाड सडतं, पाय आखूड होत जातो. औषधाचं म्हणाल तर ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि उत्तम आहे. २८ दिवसांचं पाकीट. जास्त चट्टे असलेल्या मोठ्या माणसाला महिन्यातून एकदा समोर बसवून रिफाम्पिसिन ६०० आणि क्लोफाझिमिन ३०० मिलिग्रॅम, रोज घरी डॅप्सोन १०० आणि क्लोफाझिमिन ५०. अशी १२ पाकिटं. लघवी लालसर होते, कातडी काळवंडते, आणि नेमक्या याच दोन गोष्टींना घाबरून लोक मधेच गोळ्या सोडतात. पहिलं पाकीट देतानाच हे सांगायचं असतं.

बारा पाकिटं संपली की रजिस्टरमध्ये ‘आरएफटी’ लिहितात, म्हणजे ‘रिलीज्ड फ्रॉम ट्रीटमेंट’, उपचारातून मोकळा. जंतू गेला, नाव कमी झालं. गेलेली संवेदना मात्र बहुतेकदा परत येत नाही. आकडा तिथे संपतो आणि पायाचं काम तिथून सुरू होतं, जन्मभराचं. ते काम करायला बहुतेक ठिकाणी कोणी नसतं. ही संस्था ते करते म्हणून त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं. देवावरच्या श्रद्धेचा इथे व्यवहारात काय उपयोग, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर साधं आहे: तीन वर्षांचा प्रकल्प संपला म्हणून ही माणसं उठून गेली नाहीत.

आता चप्पल. रुग्णाला कागदावर उभं करून माप घेतात. बसवून घेतलेलं माप लहान पडतं, कारण वजन आलं की पाय पसरतो. आतला थर एमसीआर म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ (मायक्रोसेल्युलर) रबराचा, साधारण १० मिलिमीटर. रबर चांगलं की नाही ते अंगठा आणि तर्जनीत दाबून बघतात: निम्म्यावर दबलं पाहिजे आणि सोडताच वर आलं पाहिजे. खाली कडक तळ, काटा आरपार न येणारा. खिळा एकही नाही. सगळं चिकटवायचं आणि शिवायचं, कारण झिजलेल्या चपलेतून वर आलेला खिळा बधिर पायाला महिनाभर कळत नाही. मागे पट्टा हवाच. अंगठ्याची चप्पल धरून ठेवायला बोटांत जोर लागतो, तो इथे नसतो. बक्कल नको, वेल्क्रो. हाताचीही बोटं वाकडी असतात. तळव्यावर पूर्वी जखम होऊन गेली असेल तर तिच्या मागे, टाचेच्या बाजूला, उंचवटा देतात म्हणजे भार तिथे जातो. हा उंचवटा थोडा पुढे सरकला की नेमका जुन्या जखमेवर येतो आणि केलेली चप्पलच घात करते. म्हणून नवी चप्पल थोडा वेळ घालून चालायला लावतात, काढतात, लाल डाग बघतात, आणि हाताची पालथी बाजू तळव्यावर फिरवतात. हाताला गरम लागलेली जागा म्हणजे घासणारी जागा.

सगळं बरोबर करूनही चप्पल फसते ती वेगळ्याच कारणाने. जाड काळा तळ, मागे पट्टा: ही चप्पल गाव लांबून ओळखतं. मग ती लग्नकार्याला, बाजाराला नेत नाहीत, पिशवीत ठेवतात. आता तिथे बाजारात चालतात तसे तपकिरी पट्टे, बायकांसाठी थोडी नक्षी असं करायला घेतलंय. रबरही वर्षभरात दबून मरतं. वरून नव्यासारखी दिसणारी चप्पल आतून लाकूड झालेली असते.

त्यांच्या गाडीतून कवठेमहांकाळच्या बाजूला एका गावी गेलो. वाटेत द्राक्षबागा, बेदाण्याची शेडं, अंगाला लागणारं ऊन. संस्था ख्रिस्ती, सभामंडप विठ्ठलाचा, घमेली ज्याची त्याची. आठदहा माणसं रांगेने पाय पाण्यात सोडून बसलेली. पाणी साधं, गरम अजिबात नाही, कारण पोळलेलं कळणार नाही. वीस मिनिटं भिजवायचं, मग वजरीने घट्टे आणि भेगांच्या कडा हलक्या हाताने घासायच्या. ब्लेड लावायचं नाही, आणि लावणारा एक तरी असतोच. मग पाय कोरडा न पुसता ओल्यावरच खोबरेल किंवा व्हॅसलीन, म्हणजे ओल आत राहते. बोटांच्या बेचक्या मात्र पुसायच्या. तळवा आरशात बघायचा किंवा शेजाऱ्याला दाखवायचा. रोज.

‘पाण्यात पाय सोडून बसायला येळ कुणाला हाय वो?’ एक आजोबा म्हणाले, आणि मला वाटतं सगळा प्रश्न तिथेच आहे. पाणी, वजरी, तेल फुकटात जमतं. तळव्याला जखम झाली की खरा उपाय एकच: त्या पायावर वजन टाकायचं नाही. छाटणीच्या दिवसांत रोजगारावर जाणाऱ्या बाईने सहा आठवडे बसून काय खायचं? संस्था अशांना प्लॅस्टर घालते, भार सगळ्या तळव्यावर वाटला जाईल असं, आणि त्या काळात घरी थोडं धान्य पोचवते. धान्य थांबलं की प्लॅस्टर घरीच कापलं जातं, हे तिथल्या ताईंनी बिनतक्रार सांगितलं.

घरातल्या खबरदाऱ्याही ताईंना पाठ. चहाचा पेला फडक्यात धरायचा, तव्याला लाकडी मुठीची सांडशी. रात्री हात धुऊन निजायचं. भाकरीचा वास राहिला तर उंदीर बधिर बोटं कुरतडतात आणि जाग येत नाही. रुग्णाच्या घरी चहा देताना मावशी बघत असतात, पाहुणा कप तोंडाला लावतो का ते. दोनदा घ्या.

३० जानेवारीला, म्हणजे कुष्ठरोग निवारण दिनी, फळं वाटून फोटो काढायला जाणाऱ्यांना विनंती: केळी नकोत, व्हॅसलीनच्या बरण्या न्या आणि कॅमेरा गाडीत ठेवा. आणि कुणाच्या अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा असेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. गोळ्या संपल्यावरही हातपाय दुखू लागले, मुंग्या आल्या, पाऊल उचलेना किंवा पापणी मिटेना झाली, तर ती रिअॅक्शन, म्हणजे जंतूंवर शरीराचीच उसळलेली प्रतिक्रिया, असू शकते, रोग उलटला असं नाही. नस सहा महिन्यांच्या आत स्टेरॉइडने वाचण्याची शक्यता बरीच असते, नंतर फार कमी. त्यामुळे पुढच्या तारखेची वाट बघत बसू नका, त्याच आठवड्यात जा.