ग्रुपवरचा रडका पोरगा

काल दुपारी केळीच्या ग्रुपवर बऱ्हाणपूरचे भाव आले. नेहमीसारखेच, नवती म्हणजे नव्या लागवडीचे एवढे, पिलबाग म्हणजे खोडव्याचे एवढे, वापसीचं, म्हणजे नाकारून बाजूला काढलेल्या मालाचं, तर बोलायलाच नको. त्याखाली कुणीतरी एक स्टिकर टाकला. शाळेच्या खाकी चड्डीतला पोरगा, नाक वाहतंय, खालचा ओठ पार बाहेर आलाय, डोळे गच्च मिटून भोकाड पसरलंय. वर लिहिलेलं, 'भाव ऐकल्यावर मी'. धडाधड हसण्याचे इमोजी आले. एका व्यापाऱ्यानेही टाकला. बोर्डावर एक भाव लावून बांधावर दुसराच देणाऱ्या माणसाने हसावं, हे जरा जास्तच झालं.

तो पोरगा मी आहे. म्हणजे होतो.

ग्रुपवर बोललो नाही. ठिबकच्या नळ्या बघत बांधाने फिरलो, संध्याकाळी सोसायटीत जाऊन आलो, पण डोक्यातून ते काही गेलं नाही. नक्की काय लागलं तेच कळत नाही. हसले म्हणून? रडक्या पोराला लोक हसणारच, दुसऱ्याचा असता तर मीही हसलो असतो. मग ओळखलं नाही म्हणून? बहुतेक तेच. ग्रुपवर निम्मा जिल्हा आहे, सगळ्यांनी ओळखावं असं माझं म्हणणं नाही. पण अप्पाने? रावेरला माझा सिनेमा लागला तेव्हा अप्पाच ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून सगळी गल्ली घेऊन गेला होता, आणि पडद्यावर मी दिसल्यावर शिट्टीही त्यानेच मारली होती. अप्पाने काल तीन इमोजी टाकले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे.

तो सीन सातपुड्यातल्या पाल गावाला झाला होता, डिसेंबरातल्या सकाळी. मी नऊ वर्षांचा. पालची थंडी ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, सकाळी बोटं वळत नाहीत. मला रडायचं होतं आणि रडू येत नव्हतं. ग्लिसरीन घातलं, डोळे लाल झाले, पण तोंड हसरंच राहिलं. ऊन चढत होतं, फिल्म वाया जात होती, आणि सगळं युनिट माझ्या तोंडाकडे बघत होतं. मग एका सहायकाने मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की तुझे वडील एसटीने निघून गेले, तुला आमच्याकडेच ठेवलंय, त्यांना आता तू नको आहेस. एवढं बोलून त्याने मला कॅमेऱ्यापुढे उभं केलं. पहिल्याच टेकला ओके. युनिटने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी मी आणखी जोरात रडलो, तर तेही त्यांनी घेतलं. स्टिकरमध्ये आहे ते बहुधा हेच दुसरं रडणं, कारण ओठ इतका बाहेर पहिल्या वेळी आला नसावा.

नाना कुठेच गेले नव्हते. जीपच्या मागे उभे होते. त्यांना तिथे उभं राहायला कुणी सांगितलं, काय सांगून उभं केलं, हे मी कधी विचारलं नाही आणि आता विचारायची सोय राहिली नाही. जाऊ दे ते.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं मात्र मजेत गेली. शाळेत २६ जानेवारीला मला पुढच्या रांगेत बसवायचे. मास्तर वर्गात म्हणायचे, सचिन बघ, १९६३ साली 'हा माझा मार्ग एकला'मध्ये एवढासा पोरगा होता, पुढे हिरो झाला. महेश कोठारे बघ, तोही 'छोटा जवान'मधला पोरगा, आज सिनेमे काढतो. तू पण होशील. ही दोन नावं मी इतक्या वेळा ऐकली की मला वाटायला लागलं, लहानपणी सिनेमात काम केलेला प्रत्येक पोरगा पुढे हिरो किंवा दिग्दर्शक होतोच, तसा नियमच असावा. जे झाले नाहीत त्यांची नावं मास्तरांना तरी कुठून माहीत असणार?

एक मालिकाही केली. मामाकडे डोंबिवलीला राहायचो, पहाटेची लोकल, सेटवर दिवसभर खुर्चीत बसून पेंगायचं आणि आपला सीन संध्याकाळी सातला. मग आवाज फुटला. मिशीची लव आली. फोन यायचे ते शेजारच्या किराणा दुकानात, तेही थांबले. दुकानदार नानांना विचारायचा, दुसऱ्या कुणाच्या दुकानाचा नंबर दिला का? नाना हसायचे. पुढचं सगळ्यांना माहीतच आहे, बारावी, फैजपूरचं कॉलेज, मळा.

पैसे किती मिळाले हे मला आजही माहीत नाही. त्यातून बोअर झाला, एवढं माहीत आहे. बोअरला पाणी लागलं, बोअरवर केळी लागली, आणि त्या केळीचा भाव पडला म्हणून माझंच रडणं काल ग्रुपवर फिरलं. हे लिहिताना मात्र मला खरंच हसू आलं. बोअर कधीच आटलाय, नाहीतर हिशोब अगदी चोख बसला असता.

२०२५च्या मे महिन्यात माधव वझे गेले, तेव्हाही मी असाच दोन दिवस बिघडलो होतो. तेव्हा कुणाजवळ बोललो नाही. त्या माणसाने इंग्रजी शिकवलं, नाटकं बसवली, नाटकांवर उभा जन्म लिहिलं, आणि जिथे बघावं तिथे मथळा एकच, 'श्यामची आई'तला श्याम गेला. १९५३ सालचा तो सिनेमा. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं, ते बरोबरच आहे. आमच्याकडे तर साने गुरुजी म्हणजे अमळनेरच्या प्रताप हायस्कूलचे मास्तर, त्यामुळे श्यामही घरचाच. माझी आजी तर श्याम अमळनेरचाच म्हणून भांडायची, कोकणातला म्हटलं की तिला राग यायचा. तेव्हा मला वाईट वाटलं होतं ते वझ्यांसाठी, की एवढं आयुष्य काढून माणूस शेवटी पोरगाच राहिला. काल रात्री वेगळंच वाटलं. त्यांच्या पोराला निदान नाव तरी होतं. लोकांना तो कोण हे ठाऊक होतं. माझा पोरगा नुसता रडतो.

पुन्हा तेच. हे काय, मला त्या स्टिकरातल्या पोराचा हेवा वाटतोय का? असेल. त्याला निम्मा जिल्हा बघतो. मला ओळखतात ते केळी ग्रुपचा सदस्य म्हणून, आणि तेही भाव विचारला की.

आज संध्याकाळी मळ्यात भरीत होतं, आधीच ठरलेलं. बामणोदची वांगी, हिरवी, हातभर लांब. कपाशीच्या काड्यांचा जाळ केला, वांगी आत टाकली, साल काळी होऊन फुटायला लागली की काढायची, हात भाजत असतानाच सोलायची. हिरवी मिरची आणि लसूण आधीच भाजून घेतलेले. बडगीत, म्हणजे लाकडी उखळात, ठेचायला बारक्या बसला, शेंगदाणे, कांद्याची पात आणि कोथिंबीर हिच्या हातात. बारक्यानेच ठेचता ठेचता मोबाईल काढून तो स्टिकर सगळ्यांना दाखवला. म्हणे, काय भारी रडून राहिलाय पोट्टा, अस्सल आहे एकदम.

मी काहीच बोललो नाही. हिने पदराला हात पुसला, मोबाईल हातात घेतला, चष्मा वर करून बघितलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "केळीच्या कटाईच्या दिवशी तुम्ही असंच तोंड केलं होतं. फक्त आवाज नव्हता."

सगळे हसले. अप्पाने मोबाईल हिसकावून घेतला, एकदा स्टिकर बघितला, एकदा मला बघितलं आणि त्याचं हसणं अर्ध्यावर थांबलं. "अरे, हा तर तू आहेस भो!" मग मात्र जो गोंधळ झाला तो झाला. बारक्याने बडगी सोडली. कुणी मला तसाच ओठ काढून दाखव म्हणालं, मी काढून दाखवला, जमला नाही, वय झालं. अप्पाने ट्रॉलीची गोष्ट सांगितली, शिट्टीसकट, आणि दरवेळी वाढते तशी ट्रॉलीतली माणसंही वाढली. भरीत थोडं करपलं त्या नादात.

रात्री घरी येताना माझ्या ध्यानात आलं की आता सगळ्यांनी ओळखलं, आणि तरी ते काही गेलं नाही. म्हणजे ते ओळखीचं नव्हतंच. अप्पाने ओळखलं नाही म्हणून मी उगाच दिवसभर त्याच्यावर राग धरला. कटाईच्या दिवशी, ट्रक भरून गेल्यावर, मी व्यापाऱ्याच्या माणसाला 'ठीक आहे' एवढंच म्हणालो होतो. हिला तोंड दिसलं, मला तर माझं तोंड दिसलंच नाही. रडायचं ते पोराने करून टाकलंय, नऊ वर्षांच्या वयात, पुढच्या सगळ्या हंगामांचं. आता तो अख्ख्या तालुक्याच्या वतीने रडतो. करू दे. त्याला तेवढं जमतं. मी स्टिकर सेव्ह केलाय, पुढच्या आठवड्यात भाव आले की मीच पहिला टाकणार.

विद्याचा मेसेज तसाच पडून आहे. तिच्या चिंगीला कुठल्या मालिकेत घेणार म्हणतात. साडी नेसून दिल्लीला पुरस्कार घ्यायला गेलेली ती 'नाळ २'मधली चिमुरडी बघितल्यापासून आपल्या नात्यातल्या निम्म्या आयांना झोप नाही. विद्या लिहिते, दादा, तू तर त्या लाईनीत होतास, आम्ही काय काय बघायचं? मी आज नियम काढून वाचले. २०१६ साली बालकामगार कायदा बदलला, २०१७ साली नियम आले. पोराला कामाला घ्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. दिवसाला ५ तासांच्या वर काम नाही, ३ तासांनी विश्रांती, सलग २७ दिवसांच्या पुढे नाही. मिळकतीतले किमान २० टक्के पोराच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव, ते पैसे त्याला सज्ञान झाल्यावर. पोराच्या मनाविरुद्ध काम करून घ्यायचं नाही, असंही आहे. २० टक्क्यांत किती बोअर झाले असते, याचा हिशोब मी मनात करून बघितला. उगाचच.

उद्या तिला फोन करीन. ठेवीचं खातं आधी उघड, हे सांगीन. आणि शूटिंगला गेलीस की चिंगीला दिसशील अशी उभी राहा, कुणीही काहीही सांगितलं तरी जीपच्या मागे जाऊन उभी राहू नकोस, हेही सांगीन. ती विचारेल, कुठली जीप रे दादा? काहीतरी सांगून वेळ मारून नेईन.