स्टिकरवाल्या टाइल्स घरीच बसवल्या, माझा अनुभव

आमच्या आतल्या खोलीची फरशी खूप जुनी, तीन-चार लाद्यांना तडे गेलेले, रंग उडालेला. फोडून नवीन बसवायची तर आठवडाभर खोली बंद आणि घरभर धूळ, म्हणून मागचा कागद काढून चिकटवायच्या त्या व्हिनाइलच्या टाइल्स आणल्या. १२ बाय १२ इंच, जाडी २ मिलिमीटर. आता आठ महिने झाले आणि फरशी अजून नीट आहे, पण तिथपर्यंत पोचायला एकदा सगळं उचकटून परत करावं लागलं, ते सगळं लिहिते म्हणजे कोणाला करायचं असेल तर उपयोग होईल.

पहिल्यांदा मी फरशी झाडली, ओल्या फडक्याने पुसली आणि कोपऱ्यातून सहा टाइल्स चिकटवून पाहिल्या. त्या दिवशी एकदम छान दिसत होत्या. दोन आठवड्यांनी खिडकीतून तिरपं ऊन आलं तेव्हा बघते तर जुन्या लाद्यांचे सांधे जसेच्या तसे वर उमटलेले! व्हिनाइल मऊ असतं ना, ते हळूहळू खालच्या खड्ड्यात बसतं. आणि दोन टाइल्सचे कोपरे उचललेले, त्यांच्या गोंदाला पांढरी धूळ लागलेली. म्हणजे गोंद फरशीला चिकटलाच नव्हता, धुळीला चिकटला होता. खूप वाईट वाटलं, पण बरं झालं सहावरच थांबले होते.

मग भावाला बोलावलं आणि नीट सुरुवात केली. केस वाळवायच्या ड्रायरने गरम करत करत त्या सहा टाइल्स काढल्या, गरम केलं की गोंद सैल पडतो आणि पट्टीने अलगद निघतात. आधी ओल तपासली, जाड प्लास्टिकचा तुकडा फरशीवर ठेवून चारी बाजूंनी टेप मारली आणि २४ तास तसाच ठेवला. आतून पाणी धरलं असतं तर हे काम मी सोडूनच दिलं असतं, कारण खालून ओल येत असेल तर गोंद चिकट लगदा होऊन सांध्यांमधून वर येतो, तिथे कितीही महागाची टाइल आणा, टिकत नाही. आमचं कोरडं निघालं.

मग खरं काम. तेलकटपणा जाईपर्यंत साबणाने घासून धुतलं, साध्या पाण्याने दोनदा पुसलं (साबण राहिला तरी चिकटत नाही), वाळू दिलं, मग जुन्या लाद्यांची चकाकी पॉलिश पेपरने मारली, प्रायमर (वरचा थर नीट धरावा म्हणून आधी लावायचा पातळ हात) लावला, आणि सगळे सांधे नि तडे लेव्हलिंगच्या मसाल्याने, म्हणजे फरशी सपाट करायच्या लगद्याने, पत्र्याने ओढून भरले. वाळल्यावर नखाने चाचपून बघायचं, सांधा नखाला लागला तर परत भरायचं. आम्ही तीनदा भरलं. परत घासलं, व्हॅक्यूम केलं, परत प्रायमर. यात चार दिवस गेले. टाइल्सचे बॉक्स तेवढे दिवस त्याच खोलीत आडवे ठेवले होते, निदान दोन दिवस तरी ठेवावेतच, म्हणजे टाइल खोलीच्या तापमानाला येते, नाहीतर चिकटवल्यावर आकसते किंवा फुगते.

आता आखणी. भिंतीला धरून सुरुवात करू नका, कुठल्याच घराच्या भिंती गुण्यात, म्हणजे अचूक काटकोनात, नसतात. आमची खोली एका टोकाला १० फूट ४ इंच आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ पाऊण इंच कमी. समोरासमोरच्या भिंतींचे मध्य काढून खडू लावलेल्या दोऱ्याने दोन रेघा मारल्या आणि काटकोन तपासला, एका रेघेवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट, तिरकं अंतर बरोबर ५ फूट आलं पाहिजे. मग कागद न काढता एक ओळ नुसती मांडून पाहिली तर दोन्ही भिंतींना जेमतेम दोन इंचाच्या पट्ट्या येत होत्या. एवढी बारीक पट्टी दिसायलाही वाईट आणि उचकटते पण लवकर. म्हणून रेघ अर्धी टाइल म्हणजे ६ इंच सरकवली, की दोन्हीकडे आठ-आठ इंचाचे तुकडे आले. ही दहा मिनिटं अजिबात वाचवू नका.

चिकटवायला एक दिवस पुरला. मागे बाण असतात ते बघायचे, आणि दोन-तीन बॉक्समधल्या टाइल्स मिसळून घ्यायच्या म्हणजे रंगातला फरक एका जागी दिसत नाही. एक कड आधीच्या टाइलला टेकवून मग बाकीची सोडायची, चिकटल्यावर सरकवायला गेलं की सांधा फाकतो. तिसऱ्या ओळीत भाऊ म्हणाला, ताई थांब, रेघ सुटतेय. सुताएवढाच फरक होता, पण भिंतीपर्यंत जाईस्तोवर तो बोटभर झाला असता, लगेच चार टाइल्स गरम करून उचलल्या. दाबायला आधी लाटणं घेतलं होतं पण जोर पुरेना, मग रबरी हातरोलर आणला आणि प्रत्येक टाइल मधून कडेकडे दाबली. हा गोंद दाबानेच धरतो, हाताने थापटून भागत नाही.

दाराच्या चौकटीपाशी दोन टाइल्स वाया गेल्या. मग जाड कागदाचा साचा कापला, तो चौकटीला बसवून पाहिला, मग टाइलवर ठेवून कटरने कापलं, थोडं गरम केलं की कापायलाही सोपं जातं.

सामान दुसऱ्या दिवशी आत आणलं, ओलं पुसणं मात्र पाच दिवस बंद ठेवलं. कपाटाच्या पायांना फेल्ट (जाड मऊ कापडाचे तुकडे) लावलं. रबरी पाठीची पायपुसणी तिथे टाकत नाही, रबराने व्हिनाइलवर पिवळा डाग पडतो आणि तो निघत नाही. १०० टाइल्स आणल्या होत्या, लागल्या ८८, वाया गेलेल्या आठ सोडून चार उरल्या, त्या कपाटाखाली आडव्या ठेवल्यात, वर बॉक्सचा लॉट नंबर लिहून.