वही कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

जळगाव असो की धुळे, बैठकीत एक प्रश्न ठरलेला: घरोघरच्या पॅलिएटिव्ह सेवेसाठी, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेसाठी, अ‍ॅप केलंत, मग पेशंटच्या उशाशी अजून कागदी वही कशाला?

रेंजचं कारण मी देणार नाही. रेंज नसली तर नोंद फोनमध्ये थांबते, डोंगरावरून खाली रेंजमध्ये आलं की सर्व्हरवर चढते. घोळ तिथेच झाला.

अक्कलकुवा तालुक्यातला डोंगरातला पाडा, तोंडाचा कॅन्सर. सोमवारी सिस्टरांनी फोनमध्ये भरलं: वेदना कमी करणारं मॉर्फिन, १० मिलिग्रॅम, दर ४ तासांनी एक गोळी. मंगळवारी रिपोर्ट आला, क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी नीट चालत नाही. किडनी थकली की मॉर्फिनचे घटक अंगात साठतात, माणूस गुंगीत जातो, श्वास मंदावतो. रिपोर्ट विचारायला मुलगा रेंजमध्ये आला, तेव्हा डॉक्टरांनी त्याला सांगितलं: अर्धी गोळी, ६ तासांनी. सिस्टीममध्येही तसंच टाकलं. बुधवारी सिस्टर खाली उतरल्या आणि सोमवारची नोंद वर चढली. सर्व्हरने डोस ठरल्याची वेळ धरली नाही, नोंद पोचल्याची धरली. जुना डोस नवा ठरला. गुरुवारी घरी गोळ्यांचं पाकीट गेलं, त्यावर छापलेलं: एक गोळी, ४ तासांनी. मुलाने ते वहीशी ताडलं. वहीत त्याच्याच अक्षरात 'अर्धी', खाली दोन रेघा. गोळी न देता तो पुन्हा रेंजमध्ये गेला आणि फोन केला.

तोवर वही बंद करा असं मीच म्हणत होते. दुबार नोंद म्हणजे दुबार चुका, हे आजही खरं आहे. वही पावसात भिजते, अ‍ॅपशी जुळत नाही.

आता अ‍ॅपमध्ये डोस खोडून बदलता येत नाही. प्रत्येक बदलाची वेगळी ओळ: कोणी ठरवला, कधी ठरला, कधी पोचला. दोन ओळी जुळल्या नाहीत तर मशीन निवाडा करत नाही. पाकीट अडतं, सिस्टर फोन लावतात. फोनचं घड्याळच चुकलेलं असेल तर हेही फसतं, म्हणून भेटीत उरलेल्या गोळ्या मोजायच्या. ३ दिवसांत १८ जायला हव्यात आणि ६च गेल्या, तर घरात वेगळा डोस चाललाय.

शिवाय रात्री २ वाजता दम लागला की वही वाचणारी सून असते, नाहीतर ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर. त्यांच्याकडे आमचं लॉगिन नाही.

मृत्यूची नोंद पडली की रिमाइंडर थांबतात, उरलेलं मॉर्फिन मोजून परत येतं. वही मात्र काही घरं मागून ठेवून घेतात. रेकॉर्ड म्हणून ती आम्हाला हवी असते. त्यांना नाही म्हणावं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.