ज्यांनी कंपनीशी कधी व्यवहारच केला नव्हता

आज दिवसभर ॲडम्स विरुद्ध केप वाचत होते. इंग्लंडच्या कोर्ट ऑफ अपीलचं 1989 चं, 1990 च्या लॉ रिपोर्ट्समध्ये आलेलं जजमेंट, भलंमोठं आहे, आणि बराचसा भाग परदेशी कोर्टाचा निकाल इंग्लंडमध्ये कधी लागू होतो यावर आहे, त्यामुळे कंपनी लॉ शिकताना सहसा तो सोडून सगळे थेट कॉर्पोरेट व्हेलच्या (veil, म्हणजे कंपनी आणि तिचे मालक यांच्यातल्या कायदेशीर पडद्याच्या) पानांवर जातात. मी पहिल्यापासून वाचलं. आणि आता डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतेय.

केप ही इंग्लिश कंपनी, तिच्या ग्रुपच्या दक्षिण आफ्रिकेत ॲस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. अमेरिकेत माल विकायला इलिनॉयमध्ये वेगळी सबसिडरी, म्हणजे उपकंपनी, काढलेली. टेक्सासमध्ये टायलरजवळच्या एका फॅक्टरीत हा ॲस्बेस्टॉस वापरला जायचा आणि तिथल्या कामगारांना त्याने आजारी पाडलं. पहिल्या दाव्यांमध्ये तडजोड झाली. मग ग्रुपने ती सबसिडरी बंद केली आणि विक्रीची नवीन व्यवस्था लावली, दुसऱ्या खेपेचे दावे आले तेव्हा केप टेक्सासच्या कोर्टात उभीच राहिली नाही, निकाल विरोधात गेला, पण वसूल करायला अमेरिकेत केपचं काही नव्हतंच. म्हणून कामगार इंग्लंडच्या कोर्टात आले आणि तिथे हरले. सबसिडरी अमेरिकेत होती म्हणजे पॅरेंट (मूळ मालक) कंपनी तिथे होती असं होत नाही, असं कोर्ट म्हणालं. आणि पुढे जाऊन असंही, की ग्रुपमधल्या भविष्यातल्या जबाबदाऱ्या कुठल्यातरी दुसऱ्या कंपनीवर पडाव्यात अशी रचना करणं कायद्याला मान्य आहे.

हे वाचल्यावर सॅलोमनची केस पुन्हा काढली. प्रत्येक कंपनी लॉच्या विद्यार्थ्याची सुरुवात तिथूनच होते. ॲरन सॅलोमन, बूट बनवणारा, 1892 मध्ये आपला धंदा स्वतःच काढलेल्या कंपनीला विकतो, 20,007 शेअर्सपैकी 20,001 त्याचे, उरलेले सहा बायको-मुलांच्या नावावर एकेक, आणि वर 10,000 पौंडांचे डिबेंचर्स, म्हणजे कंपनीचे कर्जरोखे. कंपनी लवकरच बुडते. खालच्या दोन्ही कोर्टांनी कंपनीच्या देण्यांसाठी त्यालाच जबाबदार धरलं, हाऊस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च कोर्ट) 1896 मध्ये एकमताने फिरवलं, कंपनी वेगळी व्यक्ती, सॅलोमन वेगळा. मला हा निकाल पटतो, अगदी मनापासून पटतो. कंपनी वाचवायला त्याने स्वतःचे डिबेंचर्स गहाण टाकून पैसे उभे केले होते हे नोट्समध्ये कुणी लिहीत नाही, पण त्यावरून माणसाचा हेतू कळतो. आणि ज्यांचे पैसे बुडाले त्यांना आपण एका लिमिटेड कंपनीशी व्यवहार करतोय हे माहीत होतं. ते तारण मागू शकले असते, रोख मागू शकले असते, किंवा नाही म्हणू शकले असते.

अख्खा विषय माझ्यासाठी इथे येऊन थांबलाय. टायलरच्या कामगाराला नाही म्हणायची संधी कुठे होती? त्याने केपशी करार केला नव्हता, तिचं नावसुद्धा त्याने ऐकलं असेल की नाही कोण जाणे. त्याने फक्त श्वास घेतला. आणि तरी दोघांना एकच नियम, माल उधार देणाऱ्या व्यापाऱ्याला जो, तोच याला.

वेगळी व्यक्ती ही कल्पना मुळात श्रीमंतांच्या बाजूची आहे असं मात्र मला वाटत नाही. 1925 च्या मकॉरा केसमध्ये जमीनदाराने लाकूड स्वतःच्याच कंपनीला विकलं पण विमा स्वतःच्या नावावर ठेवला, लाकूड जळालं, विम्याचा एक पैसा मिळाला नाही, कारण लाकूड त्याचं नव्हतंच. उलट 1960 ची ली केस, न्यूझीलंडमध्ये विमानातून शेतांवर खत टाकायची कंपनी, जवळपास सगळे शेअर्स लीचे, तोच डायरेक्टर, तोच पायलट, विमान पडून गेला. कंपनी म्हणजे तोच, मग तो स्वतःचाच नोकर कसा, असं खालच्या कोर्टाने म्हटलं होतं. प्रिव्ही कौन्सिलने (न्यूझीलंडची शेवटची अपिलं तेव्हा लंडनच्या या कोर्टात जायची) सांगितलं की कंपनी वेगळी, ली तिचा नोकर, म्हणून त्याच्या पत्नीला भरपाईचा हक्क आहे. ही केस मला फार आवडते. तेच तत्त्व, आणि ते एका विधवेच्या कामी आलं.

मग हा पडदा दूर करून मालकालाच जबाबदार धरायचं ते कधी, याचं उत्तर प्रेस्ट विरुद्ध पेट्रोडेलमध्ये 2013 ला मिळालं असं आम्हाला शिकवतात. आधीपासून डोक्यावर असलेली जबाबदारी चुकवायला मध्ये मुद्दाम कंपनी आणली तर, आणि तेही दुसरा मार्ग नसेल तेव्हाच. हॉर्नने नोकरी सोडल्यावर जुन्या मालकाचे ग्राहक ओढायचे नाहीत असं लिहून दिलं होतं आणि मग कंपनी काढून तेच केलं, लिपमनने विकायचं ठरलेलं घर शेवटच्या क्षणी स्वतःच्या कंपनीला देऊन टाकलं, अशा केसेस यात नीट बसतात. पण नीट बघितलं तर यातसुद्धा संरक्षण कुणाला, तर ज्याच्याकडे आधीच करार आहे त्याला. कामगाराचा आजार दिसायला कितीतरी वर्षं लागतात, रचना त्याच्या कितीतरी आधी झालेली असते, म्हणजे चुकवण्यासारखी जबाबदारी अजून जन्मालाच आलेली नसते. त्याच्यासाठी हा दरवाजा बंदच.

म्हणून चँडलर विरुद्ध केप, 2012, वाचताना मी अक्षरशः खुर्चीत सरळ बसले. तीच केप. कामगार तिच्या सबसिडरीत होता, ती कंपनी तोपर्यंत संपलेली, दावा थेट पॅरेंटवर. कोर्टाने पडद्याला हातही लावला नाही. आरोग्य आणि सुरक्षेच्या बाबतीत पॅरेंटला जास्त माहिती होती, सबसिडरीतली पद्धत सुरक्षित नाही हे तिला कळत होतं किंवा कळायला हवं होतं, कामगार तिच्या त्या माहितीवर विसंबून राहतील हेही, म्हणून काळजी घ्यायचं कर्तव्य तिचं स्वतःचं. टॉर्टचा, म्हणजे करार नसतानाही इजेची भरपाई द्यायला लावणाऱ्या कायद्याचा, साधा, जुना नियम. सॅलोमन जागच्या जागी राहिलं आणि कामगाराला भरपाई मिळाली. 2019 ला झांबियाच्या गावकऱ्यांच्या वेदांता केसमध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने हाच धागा पुढे नेला, तो दावा कुठल्या कोर्टात चालावा या टप्प्यावरचा निकाल होता, पण पॅरेंटने सबसिडरीचा कारभार किती हातात घेतला होता हे बघा, हे त्यात स्पष्ट आलं.

तरी समाधान होत नाही. कारण यातून पॅरेंट कंपन्यांना असाही धडा मिळू शकतो की लक्षच घालू नका, पॉलिसी बनवू नका, म्हणजे कर्तव्य येणार नाही. जी कंपनी सुरक्षेसाठी डॉक्टर नेमते ती अडकणार आणि जी डोळे मिटून बसते ती सुटणार, हे मला मान्य नाही. मर्यादित जबाबदारी करारातल्या देण्यांपुरती ठेवावी आणि शरीराला झालेल्या इजेसाठी शेअरहोल्डरने आपल्या हिश्शाच्या प्रमाणात द्यावं, असं काही अभ्यासकांनी मांडलंय. लाखो छोट्या शेअरहोल्डर्सकडून वसूल कसं करणार हा त्यातला खरा अडथळा, पण शंभर टक्के शेअर्स एकाच पॅरेंटकडे असतील तिथे तो अडथळा नाहीच, मग निदान तिथे तरी हा नियम का नको? सेमिस्टरच्या पेपरसाठी मी हाच प्रश्न घेतेय. विषय फार मोठा होईल असं सगळे म्हणतायत. होऊ दे.

उद्या ओकपाबी विरुद्ध शेल, 2021, पूर्ण वाचायचं, नायजेरियातल्या तेलगळतीचं. पॅरेंटचं नियंत्रण नक्की कशावरून ओळखायचं, कागदावरच्या रचनेवरून की रोजच्या कामकाजावरून, ते त्यातून वेगळं काढायचंय.